दुखण्याआधीचा फोटो

आमच्या दुकानात मेलेल्या बायांना साडी नेसवायचं काम माझ्याकडं असतं. मालक, म्हणजे माझे यजमानच, बाहेर शूटिंगला जातात, लग्नं, साखरपुडे, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मी सेनगावात दुकानातच कॉम्प्युटरवर बसते आणि त्यांनी काढून आणलेले फोटो नीट करते. मधेच कोणाचं तरी माणूस गेलेलं असतं. घरचे आधार कार्ड घेऊन येतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "यावरून मोठा करून द्या." आता आधारवरचा फोटो कसा असतो ते काय सांगायचं. त्यात जितं माणूस मेल्यावाणी दिसतं. मी तो स्कॅन करते, मानेपासून कापते आणि तयार धडावर बसवते. अशी तयार धडं माझ्याकडं एका फोल्डरमध्ये आहेत. म्हाताऱ्यांसाठी पांढरा सदरा आणि उपरणं, तरण्यांसाठी काळा कोट, आणि म्हाताऱ्या बायांसाठी जांभळ्या काठाची एक साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेली. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंतींवर वेगवेगळ्या बाया त्याच एका साडीत लटकलेल्या आहेत. कोणी ओळखत नाही, आणि ओळखलं तरी बोलत नाही.

लोकांना तेच पाहिजे असतं म्हणून मी करते, पण मला त्याची चीड येते. अरे, जिवंतपणी एक फोटो काढायला काय धाड भरली होती? मोबाइल तर सगळ्यांच्या खिशात. सोयाबीनच्या गंजीचा फोटो काढतात, नव्या ट्रॅक्टरला हार घालून काढतात, पोळ्याला बैलाच्या गळ्यात हात टाकून काढतात. मायचा काढायला मात्र कोणाला सवड नाही. हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलते. मालक म्हणतात, "तुझ्या तोंडानं एक दिवस दुकानाला कुलूप लागंल." अजून तरी लागलेलं नाही.

मागच्या वर्षी सोयाबीनची मळणी चालू होती तेव्हा जवळच्या खेड्यातला एक शेतकरी असाच आला. अंगावर मळणीचा भुसा तसाच होता. त्याची माय गेली होती. त्यानं आधार कार्ड पुढं केलं. दुसरा एखादा फोटो आहे का, असं मी नेहमीप्रमाणं विचारलं.

"न्हाई हो. तिला फोटोची आवडच नव्हती. कॅमेरा बघितला की बाजूला सरायची."

"बाजूला सरायची का तुमी बोलवत नव्हता?"

तो खाली मान घालून काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिला. मग मलाच कसंतरी झालं आणि मी आधार कार्ड स्कॅनरवर ठेवलं. जांभळ्या काठाची साडी, मागं निळं आभाळ, कडेनं फुलं. बॅनर छापून त्याच्या गावच्या फाट्यावर लागलं.

ते लागल्यावर त्याची बहीण आली. तिला शिरड शहापूरला दिलेलं. मायच्या तेरवीपर्यंत ती माहेरीच थांबणार होती आणि त्या दिवशी जीपमध्ये बसून एकटीच सेनगावला आली होती. माझ्याच वयाची बाई. डोळ्यांखाली काळं झालेलं, ओठ सुकलेले. उभ्या उभ्याच तिनं विचारलं,

"वहिनी, फाट्यावरच्या बॅनरवरचा आमच्या मायचा फोटो तुमीच केला व्हय?"

"व्हय. काहून?"

"ती माझी माय न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. फोटो नीट नाही म्हणून येणारे मला नवे नाहीत. काळं दिसतंय, गोरं करा. म्हातारं दिसतंय, सुरकुत्या काढा. मी म्हटलं, "ताई, आधार कार्ड तुमच्याच भावानं आणून दिलं. त्यावरचं तोंड मी काही घरून आणलं न्हाई."

मला वाटलं, आता भांडेल. पण ती स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "तोंड तिचंच हाये वो. पर असं तोंड तिनं जन्मात कवा केलं न्हाई. अन् ती साडी कोणाची हाये?"

साडी कोणाची आहे ते मलाही माहीत नाही. मी तिला पाणी दिलं.

पाणी पिऊन ती बोलायला लागली. मायला गालाचा कॅन्सर झाला होता. मिसरीची सवय सगळ्या जन्माची. आदल्या दिवाळीनंतर गाल दिसण्याइतका सुजला, तेव्हा घरच्यांना वाटलं दाढ दुखत असेल. गावातच गोळ्या घेतल्या. मग नांदेडला नेलं. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं तिथं डॉक्टर म्हणाले. आधी कुठून आणणार, आधी कोणाला काही कळलंच नव्हतं. शेवटी शेवटी गाल आतून बाहेर फुटला. पट्टी बदलायची ती या लेकीनं, नळीनं पातळ पेज सोडायची ती या लेकीनं. खोलीत वास असा की बाकीचे दारातूनच काय हवं-नको विचारायचे.

"आता डोळे मिटले की तेच तोंड दिसतंय, वहिनी. भाकर थापताना दिसतंय, झाडताना दिसतंय. आधीचं तोंड आठवाया जाते तर येतच न्हाई. एवढा जन्म तिला चांगलं तोंड होतं की! कुठं गेलं ते? मला तिचा दुखण्याआधीचा एक फोटो पायजे. भिंतीला लावाया न्हाई. माझ्याजवळ ठेवाया. न्हाई तर मला मरंस्तोवर तेच दिसत ऱ्हाईल."

मी तोंडाची फाटकी आहे, पण दगड नाही. माझी स्वतःची माय जिवंत आहे, आणि त्या क्षणी मला तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणून बघावासा वाटला. आला. मी विचारलं, "ताई, एखादं लग्नकार्य झालं आसंल ना घरात?"

झालं होतं. या शेतकऱ्याच्या पोरीचंच लग्न, आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, दारातल्या मांडवात. फोटोला आमचेच मालक होते. "तवा ती चांगली धडधाकट होती," ती म्हणाली. "समदं लग्न तिनंच उचललं. एखाद्या फोटोत तरी आसंलच की." मलाही वाटलं, असेलच. नातीच्या लग्नात आजी नाही असं कुठं होतं का?

आमचे मालक कॅमेऱ्यात फोटो रॉ काढतात. साधा फोटो म्हणजे शिजवलेली भाजी. कॅमेऱ्यानं स्वतःच तिखटमीठ घालून दिलेली. खारट झाली तर झाली, खा मुकाट्यानं. रॉ म्हणजे नुसती निवडून ठेवलेली कच्ची भाजी. दिसायला फिकी, मळकट, कोणाला दाखवायच्या लायकीची नाही. पण उजेड, रंग, सावली सगळं नंतर आपल्या हातानं घालता येतं, आणि काळ्या दिसणाऱ्या जागेतसुद्धा बरंच काही शिल्लक असतं. फाइल फार मोठी असते एवढाच तोटा. त्यावरून आमच्या दोघांची कायम तणतण. मी म्हणते पुसून टाका, हार्ड डिस्क भरली. ते म्हणतात राहू दे, गिऱ्हाईक कधी काय मागेल सांगता येत नाही. त्या लग्नाचं सगळं शिल्लक होतं ते त्यांच्या हट्टामुळं.

मी कपाटातून हार्ड डिस्क काढली, जोडली आणि ते लग्न कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावलं. मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही, उतरवून घेतलेल्या नकलेवरच काम करायचं, हा माझा पहिला नियम. त्यानंतर निवड. निवडीच्या वेळी मी भराभर बघत जाते. डोळे मिटलेले, हललेले, कोणाची तरी पाठ मधे आलेले असे फोटो बाद. बाद केले की ते पडद्यावरून लपतात आणि चांगले तेवढे राहतात. ही निवड लग्नाच्या वेळीच झालेली होती. तिला मी माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि हळदीपासून सुरुवात केली.

हळदीत माय नाही. नवरीभोवती सगळ्या सवाष्णी, हात पिवळे, हसणं चाललेलं. देवकार्यात माय नाही. अक्षता पडतात तिथं मांडवभर माणूस, कुठून कुठून आलेले पाव्हणे, ज्यांची नावं हिलाही येईनात. त्यातही नाही. सगळ्या घराचा एकत्र फोटो होता. भाऊ, भावजय, ही स्वतः, हिचे मालक, लेकरं, शेजारच्या घरची दोन लेकरं, सगळे ओळीनं उभे. आजी नाही.

माझा आवाज चढला. "ताई, तुमची माय लग्नाला होती तरी का?"

"होती की! पर मागं मागं होती. बाप गेल्यापास्नं ती पुढं येतच नव्हती. हळदीला हात लावायचा न्हाई, नवरीपाशी जायचं न्हाई. कोणी तिला सर म्हणलं न्हाई वो, तीच सरायची. आमीबी म्हणायचो, तिची रीत हाये, पाळू द्या."

मला काय हे नवीन आहे? प्रत्येक लग्नात बघते मी. बिनकुंकवाच्या बाया चुलीकडं असतात, खांबाआड असतात, फोटोत आल्या तर कडेला अर्ध्या येतात. आणि कडेला अर्धं माणूस आलं की क्रॉप करायचं, हे तर आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. फोटो नीटनेटका दिसतो. तिच्यासाठी मी क्रॉप केलेले फोटो एकेक करून परत पूर्ण उघडले. रॉमध्ये कापलेलं कापलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. मग ती दिसायला लागली. कुठं कोपर, कुठं घागर घेतलेली पाठ. पंगतीच्या एका फोटोत कडेला उभी होती, पण पदर तोंडावर घट्ट धरलेला, नुसते डोळे वर.

"लई हळवी होती," लेक म्हणाली. "त्या लग्नात सारखा पदर तोंडालाच. मी म्हणलं बी तिला, माय, नात काय परदेशी चालली का, किती रडतीस?"

म्हणजे चेहरा एकाही फोटोत नव्हता. शेवटच्या पाठवणीच्या फोटोपर्यंत आम्ही गेलो आणि तिथं संपलं. ती पडद्याकडं तशीच बघत बसली. मला तिच्या भावाचा, तिच्या गावाचा आणि सगळ्या लग्नांचा एवढा संताप आला की मी माउस आपटला.

तेवढ्यात मालक आले. काय चाललंय ते मी त्यांना सांगितलं, जरा तावातावानंच सांगितलं. ते म्हणाले, "अगं, टेस्टचे बघितलेस का?"

"त्यात काय बघायचं? रिकामा मांडव तो!"

टेस्टचे म्हणजे कार्य सुरू व्हायच्या आधी उजेड बघायला काढलेले फोटो. कुठं पांढरा कागद धरून, कुठं खुर्चीचा, कुठं नुसत्या खांबाचा. ते मी न बघताच बाद करते. मालक म्हणाले, "न्हाई. एक म्हातारी सतरंजी टाकायली होती तिथं. मीच म्हणलं, मावशी, जरा उभ्या ऱ्हा, उजेड बघू द्या. त्या म्हणल्या, फोटो तर न्हाई ना काढायले? मी म्हणलं, न्हाई हो, नुसता उजेड बघायलोय."

बाद केलेले फोटो मी परत पडद्यावर आणले. पांढरा कागद. खांब. दोन रिकाम्या खुर्च्या. मग एक फोटो, जवळजवळ काळाच. मागं मांडवाच्या बाहेरचं ऊन पांढरं फक्क, आणि आत, खुर्च्यांच्या मधे, एक काळी आकृती. दोन्ही हातांत गुंडाळलेली सतरंजी धरलेली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पदर तोंडावर नव्हता.

"हीच," लेक म्हणाली. चेहरा तर दिसतच नव्हता. "हीच, वहिनी. तिच्या उभं ऱ्हायावरून कळतंय."

मी सरसावून बसले. आधी रंग सुधारला. मांडवाचं कापड पिवळं-भगवं असलं की खाली उभ्या माणसाला कावीळ झाल्यासारखी दिसते, म्हणून आधी तो पिवळेपणा काढावा लागतो. मालकांनी आधीच्या फोटोत पांढरा कागद धरला होता, त्यावरून खरा रंग मिळाला. मग सगळ्या फोटोचा उजेड वाढवला. बाहेरचं ऊन आणखी भडकलं, ते खाली ओढलं. मग सावलीची पट्टी. पडद्यावरची ही पट्टी उजवीकडं सरकवली की फक्त काळ्या जागा उजळतात. एकदम ओढायची नसते, नाहीतर फोटोवर सगळीकडं वाळूसारखे दाणे उठतात. मी थोडी थोडी ओढत गेले.

आधी सतरंजीचे पट्टे आले. मग हात आले, हाडं वर आलेले, हिरवं गोंदण असलेले. मग साडीचा रंग, विटकी निळी. मग कपाळ. मग डोळे.

"माय!" ती ओरडलीच. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघा, बघा! अशीच बघायची ती! काय रिकामं काम काढलं ह्या माणसानं, असं. अगं माय, हाये की तू! हाये की!"

मालक दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत मी लोकांना गोरं केलं, तरुण केलं, मेलेल्यांना कोट घातले. पण माझ्या कामानं कोणी असं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता हा फोटो असा करते की बाईच्या डोळ्यांपुढून ते दुसरं तोंड जन्माचं गेलं पाहिजे.

म्हणून मी पुढची कामं करायला घेतली. सावली आणखी थोडी उघडली. दाणे कमी केले. चौकट चेहऱ्याजवळ आणली. मग नेहमीच्या सवयीनं फोटो अगदी मोठा करून तपासायला लागले. आधी डोळे, मग कपाळ, मग खाली. चेहऱ्याची डावी बाजू अजून जरा अंधारात होती. ती उघडली, तेव्हा मला गाल दिसला.

आधी वाटलं, मांडवाच्या खांबाची सावली पडली असेल. मी पट्टी मागं-पुढं केली. सावली पट्टीबरोबर फिकी-गडद होते, हे होतं तसंच राहिलं. डाव्या जबड्यावर फुगीर गाठ होती, लिंबाएवढी, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली. तोंडाचा तो कोपरा खाली ओढला गेला होता. दिवसभर मी माणसांचे चेहरे बघते, दोन गाल सारखे नाहीत हे मला लांबून कळतं. मी घाईघाईनं फोटो वर सरकवला, नुसते डोळे पडद्यावर ठेवले.

"काहून सरकवलं?" तिनं विचारलं.

"न्हाई, दाणे बघत होते."

"खाली घ्या जरा. तोंड बघू द्या."

न घेऊन काय करणार होते? मी खाली घेतला. ती पुढं वाकली. तिचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं.

"हे काय हाये?"

"सावली आसंल, ताई."

"सावली न्हाई, वहिनी. तिथंच तर मी रोज पट्टी बांधली."

बाहेरून मळणीयंत्र लावलेला एक ट्रॅक्टर गेला. त्याच्या आवाजानं काचा थरथरल्या. मग ती बोलायला लागली, पण माझ्याशी नाही, पडद्याशीच बोलल्यासारखं.

"म्हंजी ती रडत नव्हती. पदर धरला होता तो ह्याच्यासाठी. ती तोंड लपवून राहिली होती, अन् आमाला वाटलं रीत पाळून राहिली. हळदीला आली न्हाई, म्हणलं रीत. फोटोला आली न्हाई, म्हणलं रीत. बिनकुंकवाची बाई मागं सरती, सरू द्या. एकानंबी म्हणलं न्हाई, माय, इकडं ये, तोंड दाखव." ती थांबली. "नातीचं लग्न पार पडू दे, मग सांगू, असं म्हणली आसंल. मग पेरणी आली आसंल. मग सुगी. भाऊ अजून म्हणतो, आधी कळलंच न्हाई. हे बघा आधी. हे समोर हाये की."

मालक बाहेर निघून गेले. त्यांनी तो फोटो स्वतः काढला होता, आणि त्यांना कॅमेऱ्यात काळी आकृतीच दिसली होती. त्यांचा काही दोष नव्हता. दोष कोणाचाच नव्हता, आणि तेच मला सगळ्यात जास्त सलत होतं. कोणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "ताई, हे मला काढता येतं. चांगल्या गालाची कातडी घ्यायची अन् इकडं लावायची. कोणाला कळणार न्हाई. तुमाला जसा पायजे तसा होईल."

तिनं मान डोलावली. मी नकलेची आणखी एक नक्कल केली आणि ब्रश घेतला. गाठ गेली, चकाकी गेली, ओठाचा कोपरा वर आला. फार वेळ लागला नाही. पडद्यावर एक धडधाकट म्हातारी उभी राहिली, हातात सतरंजी, दोन्ही गाल सारखे. ही बाई जे मागायला आली होती ते बरोबर तसंच होतं.

तिनं बराच वेळ बघितलं. "चांगली झाली," म्हणाली. "भावाला हा द्या. तेरवीला खुर्चीवर ठेवाया. ते बॅनर तेवढं काढाया सांगते मी."

"अन् तुमाला?"

"मला तो."

"कोणता?"

"गाठीचा."

"ताई, अहो, तुमी तर दुखण्याआधीचा मागाया आल्या होत्या. तेच तोंड डोळ्यांपुढून जावं म्हणून आल्या होत्या ना?"

"व्हय. पर तिनं एवढ्या लग्नात एकडावच तोंड उघडं ठेवलं. तेबी फोटो न्हाई म्हणून सांगितलं म्हणून. ते पुसून काय करू? तवा तर कोणी बघितलंच न्हाई. मी बघत जाईन."

मी दोन्ही फोटो छापायला लावले. भावाचा मोठा, तिचा पोस्टकार्डाएवढा. तिचा आधी निघाला. तिनं तो ओला असल्यासारखा कडांनी धरला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. मी मोठ्या फोटोच्या कडा कापत होते. ती तिकडूनच म्हणाली,

"वहिनी, तुमी एवढं मोठं करून बघितलं. तवा दुखत आसंल का तिला?"

मी बघितलं होतं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक झालेला, मानेची शीर ताणलेली, सतरंजीचा सगळा भार उजवीकडं घेतलेला, आणि खालचा ओठ दातांत धरलेला.

"न्हाई, ताई," मी म्हटलं. "सुरुवातीला काही दुखत नसतं."

तिनं फोटो आणखी डोळ्यांजवळ नेला. त्या ओठावर तिनं अंगठा ठेवला आणि म्हणाली, "तुमी म्हणता तर नसंल दुखत."